बाळाची ॲलर्जी आणि पोटातले जिवाणू: रिपोर्टमधल्या लाल खुणांना घाबरण्याआधी

माझी ताई बडोद्याला असते. एकदा रात्री अकरा वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, म्हणून मी धास्तावूनच उचलला. तिनं काही न बोलता कॅमेऱ्यासमोर एक कागद धरला. माझ्या नऊ महिन्यांच्या भाचीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट होता तो. खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी आणि त्यातल्या अकरा नावांपुढे लाल खुणा. दूध, गहू, अंडं, शेंगदाणे, तूरडाळ, हरभरा, केळं...

“आता हिला खायला घालू तरी काय?” ताई म्हणाली आणि रडायलाच लागली.

भाचीच्या गालांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला तिसऱ्या महिन्यापासून लालसर, खरखरीत चट्टे होते. रात्र रात्र खाजवायची. डॉक्टरांनी ‘इसब आहे’, म्हणजे एक्झिमा, असं सांगून मलम दिलं होतं. पण सोसायटीतल्या कुणीतरी सुचवलं की घरी येऊन रक्त नेतात, सगळ्या पदार्थांची ॲलर्जी एका फटक्यात कळते. ताईनं ती तपासणी करून घेतली आणि त्या रात्रीपासून अकराही पदार्थ बंद केले. पुढचे पाच आठवडे पोरगी आईच्या दुधावर, भातावर आणि मुगाच्या पाण्यावर होती. चट्टे होते तसेच राहिले. वजनाचा काटा मात्र हलेना.

त्या रात्री ताईनं विचारलेला दुसरा प्रश्न मला जास्त लागला. “माझं सिझेरियन झालं. दुसऱ्या महिन्यात हिला अँटिबायोटिक द्यावं लागलं. त्यामुळं पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि मुलांना ॲलर्जी होते, असं मी वाचलंय. म्हणजे हे माझ्यामुळंच झालं ना?”

असा प्रश्न मनात घेऊन जगणाऱ्या आया आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. म्हणून आजच्या सदरात हाच विषय घेतलाय.

वॉचमन नवा असतो तेव्हा

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते बघू. आपल्या सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन आला की पहिले काही दिवस काय होतं? तो दूधवाल्याला अडवतो, पेपरवाल्याला हटकतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनाच ‘कुणाकडे जायचंय?’ म्हणून विचारतो. हळूहळू त्याला चेहरे ओळखीचे होतात. चोराला अडवणं हे त्याचं निम्मंच काम. रोजच्या माणसांना मुकाट्यानं आत सोडणं हे उरलेलं निम्मं.

शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचं असंच आहे. जंतूंशी लढणं तिला जमायलाच हवं. पण दूध, अंडं, परागकण, घरातली धूळ यांच्याशी लढायचं नाही, हेही तिला शिकावं लागतं. हे शिकणं अर्धवट राहिलं की साध्या पदार्थावरही ती तुटून पडते. मग अंगावर पित्त उठतं, शिंकांची रांग लागते, त्वचा खाजते, उलटी होते, धाप लागते. ही झाली ॲलर्जी.

रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्यांच्या आसपास असतो. ते सोयीचंही आहे, कारण बाहेरचं सगळं जग रोज तिथूनच आत येतं. आणि या पेशींना शिकवण्याच्या कामात आतड्यांतल्या जिवाणूंचा मोठा हात असतो, हे गेल्या काही वर्षांत पुढं आलंय.

३८ लाख कोटी पाहुणे

एका प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. म्हणजे साधारण आपल्या स्वतःच्या पेशी असतात तेवढेच. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेले भाज्यांचे, डाळींचे, धान्यांचे तंतू ते खातात आणि त्यांपासून काही उपयोगी पदार्थ तयार करतात. त्यातला एक म्हणजे ब्युटिरेट. तो आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं इंधन आहे. अस्तर धडधाकट राहायला त्याची मदत होते.

शिवाय ब्युटिरेटमुळं एका खास प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी वाढायला मदत होते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. त्यांना म्हणतात टी-रेग. बाकीच्या पेशी चवताळल्या की त्यांना आवरणं हे या पेशींचं काम. घरात भांडण पेटलं की ‘पुरे आता’ म्हणणारी एखादी आजी असते ना, तशा. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड राम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं, ते याच पेशींशी संबंधित शोधांसाठी.

शंका आली कुठून?

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकानं एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती त्यानं तपासली होती. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांमुळं होणारी सर्दी कमी, असं त्यात दिसलं. शेंबडी भावंडं एकमेकांना जे जंतू देतात ते कुठंतरी उपयोगी पडत असावेत, असा त्याचा तर्क होता. यातूनच ‘जास्त स्वच्छतेमुळं ॲलर्जी वाढते’ हा विचार जगभर पसरला.

पुढं तो विचार बराच बदलला. प्रश्न आजार देणाऱ्या जंतूंचा नसून माणसाबरोबर हजारो वर्षं राहत आलेल्या निरुपद्रवी जिवाणूंचा आहे, असं आता मानलं जातं. याचं एक बोलकं उदाहरण अमेरिकेत मिळालं. तिथं आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज युरोपातून आलेले, दोघांची गुणसूत्रं मिळतीजुळती, खाणंपिणंही बरंचसं सारखं. फरक शेतीत. आमिश लोक घराशेजारीच गाई पाळतात, घोड्यांनी नांगरतात आणि त्यांची मुलं गोठ्यात खेळतात. हटराइट लोकांची शेती यंत्रांवर चालते आणि मोठे गोठे घरांपासून लांब असतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळकरी मुलांमधलं दम्याचं प्रमाण दिलंय: आमिश मुलांत ५.२ टक्के आणि हटराइट मुलांत २१.३ टक्के. आमिश घरांतली धूळ उंदरांना हुंगवली, तर उंदरांचाही दम्यापासून बचाव झाला.

म्हणून काय आता बाळाला गोठ्यात नेऊन बसवायचं? नाही. यातून कळतं ते एवढंच की रोगप्रतिकारशक्तीला लहानपणी तऱ्हेतऱ्हेच्या जिवाणूंची ओळख लागते. ती ओळख कधी आणि कशी होते, ते पुढं बघू.

पहिले महिने महत्त्वाचे

जन्माच्या वेळी बाळाचं आतडं जवळजवळ कोरं असतं. मग आईकडून, दुधातून, घरातल्या माणसांच्या हातांतून जिवाणू येऊन तिथं वस्ती करतात. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होत जाते.

या वस्तीसाठी आईचं दूध काय करतं ते वाचून मी थक्कच झाले. दुधात काही खास शर्करा असतात. लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थांनंतर दुधात सगळ्यात जास्त काय असेल, तर त्या. गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत. मग त्या कुणासाठी? बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंसाठी! म्हणजे आई एकाच वेळी बाळालाही पाजते आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूंनाही जेवू घालते.

कॅनडात ३१९ बाळांच्या शीचे नमुने तपासण्यात आले. ज्यांना पुढं दम्याचा धोका जास्त होता, त्यांच्या आतड्यात तिसऱ्या महिन्यातच चार प्रकारचे जिवाणू कमी होते. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या कॅथरिन नॅगलर यांच्या गटानं आणखी पुढचा प्रयोग केला. जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांपैकी काहींना निरोगी बाळांच्या आतड्यातले जिवाणू दिले, काहींना गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांच्या आतड्यातले. मग त्यांच्यात दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निर्माण करून पाहिली. निरोगी बाळांचे जिवाणू मिळालेले उंदीर ॲलर्जीच्या तीव्र झटक्यापासून वाचले, दुसरे नाही वाचले.

अर्थात उंदीर म्हणजे बाळ नव्हे. ॲलर्जीमागे आनुवंशिकता, हवा, त्वचा, खाणं अशी अनेक कारणं असतात. जिवाणू त्यातलं एक.

ताई, तुझं काही चुकलं नाही

आता सिझेरियनचं बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये आपल्या देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. खाजगी रुग्णालयांत तर जवळजवळ निम्मी, ४७.४ टक्के. म्हणजे हा प्रश्न लाखो घरांचा आहे.

सिझेरियननं झालेल्या बाळांच्या आतड्यातली वस्ती सुरुवातीला वेगळी असते, हे खरं. ब्रिटनमध्ये जवळपास ६०० बाळांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या बाळांमध्ये आईच्या आतड्यातले जिवाणू कमी आणि रुग्णालयाच्या वातावरणातले जास्त आढळले. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की वर्षाच्या आसपास हा फरक बराचसा भरून निघतो.

ताईला मी सगळ्यात आधी वाचून दाखवला तो कोपनहेगनमधला अभ्यास. तिथं ७०० मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवण्यात आलं. सिझेरियननं झालेल्या ज्या मुलांची जिवाणूंची वस्ती वर्षभरात नेहमीसारखी झाली, त्यांना सहाव्या वर्षी दम्याचा जादा धोका नव्हता. ज्यांच्या आतड्यात पहिल्या वाढदिवसालाही सिझेरियनची छाप उरली होती, त्यांच्यातच तो वाढलेला दिसला. म्हणजे बाळंतपण कसं झालं यावर सगळं संपत नाही. नंतरचं वर्ष आपल्या हातात असतं.

आणि सिझेरियन कशासाठी झालं होतं? बाळाचे ठोके मंदावले होते म्हणून. तेव्हा ते झालं नसतं तर आज ॲलर्जीची काळजी करायला पोरगी असती का? आईनं, म्हणजे ताईच्या आणि माझ्या, फोनवर हेच ऐकवलं. “जीव वाचला त्याचा हिशेब आधी मांड, मग बाकीचा.”

अँटिबायोटिकचं काय?

भाचीला दुसऱ्या महिन्यात लघवीच्या मार्गात संसर्ग झाला होता. एवढ्या लहान बाळात तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. तिथं अँटिबायोटिक हेच उत्तर होतं आणि त्याबद्दल पस्तावायचं काहीच कारण नाही.

प्रश्न आहे तो गरज नसताना दिलेल्या औषधाचा. साधी सर्दी, बहुतेक खोकले आणि मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळं होतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. आतड्यातल्या भल्या जिवाणूंवर मात्र ते चालतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात काय झालं बघा. तिथं लहान बाळांना उगाच अँटिबायोटिक देऊ नये म्हणून प्रयत्न झाले. २००० ते २०१४ या काळात एक वर्षाच्या आतल्या बाळांना लिहून दिली जाणारी अँटिबायोटिक्स निम्म्याहून कमी झाली. त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये दम्याचं नव्यानं निदान होण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलं. एकामुळंच दुसरं झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंची तपासणीही त्याच दिशेला बोट दाखवत होती.

आपल्याकडं फ्रिजच्या दारात मागच्या वेळचं अर्धं सिरप असतंच. ‘गेल्या खेपेला यानंच बरं वाटलं होतं’ म्हणून तेच पुन्हा दिलं जातं. ते तेवढं थांबवा. आणि डॉक्टरांनी औषध लिहिलं की न लाजता विचारा, “हे अँटिबायोटिक आहे का? आत्ता द्यायलाच हवं का, की दोन दिवस थांबून बघू?” चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. मात्र ‘हवंच’ असं ते म्हणाले, तर सांगितले तितके दिवस पूर्ण द्या.

शेंगदाण्याच्या कुटाची गोष्ट

सन २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा होता की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊच नयेत. हा सल्ला २००८ मध्ये मागं घेण्यात आला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटानं एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा जवळपास दहापट होती. इस्रायलमध्ये बाळं सहा-सात महिन्यांपासून ‘बांबा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरमुऱ्यांसारखे खाऊ चघळतात. ब्रिटनमध्ये बाळांपासून शेंगदाणे लांब ठेवत.

मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर प्रयोग केला. सगळ्यांना तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही होतं. निम्म्यांना शेंगदाणे नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. सुरुवातीला ज्यांची त्वचेची चाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यात पाचव्या वर्षी काय दिसलं? शेंगदाणे टाळलेल्यांपैकी १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली होती. खाल्लेल्यांपैकी फक्त १.९ टक्के मुलांना. जपून ठेवलं तेच अंगाशी आलं!

कारण असं: अन्न तोंडावाटे आतड्यात गेलं, तर तिथं त्याची ‘आपला माणूस’ म्हणून ओळख होण्याची शक्यता जास्त. तेच फाटलेल्या, खाजऱ्या त्वचेतून आत शिरलं, तर शरीर त्याला घुसखोर समजतं. म्हणून इसब असलेल्या बाळाला डाळीचं पीठ, साय, दूध लावून न्हाऊ घालू नका. धडधाकट त्वचेच्या बाळाला कदाचित ते चालून जाईल, पण चट्टे असलेल्या त्वचेवर खाण्याचे पदार्थ नकोतच. त्वचा मऊ ठेवणारं साधं, बिनवासाचं मलम दिवसातून दोन-तीनदा लावा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर वापरा. ताईच्या सासूबाईंनी हे ऐकून डाळीच्या पिठाचा डबा न्हाणीघरातून स्वतः उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी काय विचारलं?

पाच आठवड्यांनी ताई ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, “यातलं काय काय बाळानं खाल्लं होतं, आणि खाल्ल्यावर काय झालं?”

ताई आठवू लागली. गव्हाचा शिरा? खायची, काही व्हायचं नाही. वरण? आवडीनं खायची. केळं? मिटक्या मारत. दही? एक वाटी. मग अंडं आठवलं. एकदा चमचाभर दिलं होतं, तेव्हा अर्ध्या तासात तोंडाभोवती आणि पोटावर गांधी उठल्या होत्या.

“मग अंडं सोडून बाकी खाणाऱ्या पोरीचं जेवण का तोडलं?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड सापडणं आणि त्याची ॲलर्जी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंगळूर-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या मोठ्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध असे प्रतिपिंड मिळाले. अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र फक्त १.२ टक्के लोकांत दिसली. उरलेले सगळे खुशाल जेवत होते. त्यांनी रिपोर्ट पाहून ताट रिकामं केलं असतं तर?

काही पॅकेजमध्ये तर आयजीजी नावाची तपासणी असते. ती एवढंच सांगते की तो पदार्थ तुम्ही खाता. तिच्यावरून ॲलर्जी ठरवू नये, असं जगभरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. उलट इसब असलेल्या बाळाला नीट पचत असलेला पदार्थ उगाच बंद केला, तर पुढं त्याचीच खरी ॲलर्जी होण्याचा धोका असतो.

डॉक्टरांनी एकेक पदार्थ परत सुरू करायला सांगितलं. अंडं तूर्त बंद. शेंगदाणे भाचीनं कधीच खाल्ले नव्हते आणि इसब तीव्र होतं, म्हणून त्यांनी आधी त्वचेची चाचणी केली आणि मग पहिला घास दवाखान्यातच, आपल्या डोळ्यांसमोर दिला. तासाभरानं काहीच झालं नाही तेव्हा ताईनं मला फोटो पाठवला. पोरीच्या हनुवटीवर शेंगदाण्याचं बारीक कूट कालवलेला मऊ भात आणि चेहऱ्यावर ‘अजून द्या’.

माती की साबण?

दोन्ही. आपल्या देशात आजही जुलाबानं लहान मुलं दगावतात. शौचानंतर, जेवणाआधी साबणानं हात धुणं, पिण्याचं पाणी स्वच्छ असणं आणि वेळेवर लसी देणं यांना पर्याय नाही. घाण पाणी म्हणजे ‘चांगले जिवाणू’ नव्हेत. पण रांगणाऱ्या बाळाच्या आजूबाजूची फरशी दर तासाला जंतुनाशकानं पुसायची गरज नाही. खेळण्यांना सॅनिटायझर नको. बागेत मातीत खेळू द्या, भावंडांत लोळू द्या आणि मग जेवायच्या आधी हात धुवा. एवढं पुरे.

प्रोबायोटिकचे थेंब घ्यायचे का?

ॲलर्जी टाळण्यासाठी सरसकट सगळ्या बाळांना प्रोबायोटिक द्यावं, इतका ठोस पुरावा आज नाही. प्रत्येक बाटलीत जिवाणू वेगळा, मात्रा वेगळी. निरोगी बाळांना त्याचा सहसा त्रास होत नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्यामुळं गंभीर संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २०२३ मध्ये दिला. म्हणून जाहिरात बघून नको, डॉक्टरांना विचारूनच.

घरी करता येण्यासारखं

• जन्मल्यावर लवकरात लवकर बाळाला छातीशी घ्या, चीक पाजा. सिझेरियननंतरही हे करता येतं. पहिले सहा महिने शक्यतो फक्त आईचं दूध. दूध पुरत नसेल आणि वरचं द्यावं लागलं, तरी अपराधी वाटून घेऊ नका. थोडं आईचं दूधही उपयोगीच.

• सहा महिन्यांच्या आत गुटी, पाणी नको. मध तर वर्षापर्यंत नकोच.

• उष्टावणानंतर खाण्यात वैविध्य आणा. मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व, खिमट, भाज्या, फळं, दही, घरात खात असाल तर नीट शिजवलेलं अंडं आणि मासे. नवा पदार्थ सकाळी, थोडासा द्या. दोन-तीन दिवसांनी पुढचा.

• शेंगदाणे नेहमी बारीक कूट करून पातळ पदार्थात कालवून द्या. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब किंवा आधीची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

• थोडं मोठं झाल्यावर डाळी, उसळी, भाकरी, पालेभाज्या रोजच्या जेवणात हव्यात. पोटातल्या जिवाणूंचं जेवण तेच आहे.

• घरात बिडी-सिगारेट नको. दम्याचा धोका त्यानं नक्की वाढतो.

हे दिसलं तर थांबू नका

काही खाल्ल्यावर ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास घेताना आवाज आला किंवा धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या, बाळ एकदम मलूल किंवा पांढरंफटक पडलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो.

गेल्या महिन्यात भाचीचा पहिला वाढदिवस झाला. इसब पूर्ण गेलेलं नाही, हवा बदलली की डोकं वर काढतं. केकही बिनअंड्याचा होता. पण अकरापैकी दहा पदार्थ तिच्या ताटात परत आलेत आणि वजनाचा काटाही हललाय. परवा ताईनं तो जुना रिपोर्ट कपाटातून काढला. मी म्हटलं, “फाडून टाक.” ती म्हणाली, “नको गं, ठेवते. पुढं कुणी घाबरून फोन केला, तर दाखवायला होईल.”